फॉर्म भरून मेसेज पाठवण्याचं सॉफ्टवेअर: एफएलएमएसजी घ्यावं की विनलिंक? (हॅम रेडिओ)

डायपोल_वीस_मीटर

नमस्कार मंडळी,

आमचा सहा जणांचा गट दर महिन्याला व्हीएचएफवर (जवळच्या अंतराच्या रेडिओ लहरींवर) आणीबाणीच्या ट्रॅफिकचा, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे मेसेज पोचवण्याचा, सराव करतो. मागच्या खेपेला एक मेसेज तीन स्टेशनांमधून पुढे जायचा होता. पहिल्या स्टेशनने 'फिफ्टीन ब्लँकेट्स' सांगितलं आणि शेवटच्या कागदावर 'फिफ्टी' उतरलं. मधलं स्टेशन माझं होतं. घरी येऊन माझा कागद पाहिला तर आकडा दोनदा गिरवलेला. आता तो १५ वाचायचा की ५०, हे मलाच सांगता येईना. सराव होता म्हणून ठीक, पण तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही.

म्हणून लॅपटॉपवरून फॉर्म पाठवायचं ठरवतोय. वाचून दोन नावं कळली, एफएलएमएसजी आणि विनलिंक. फिकडे सहाही जणांच्या लॅपटॉपवर आहे, पीएसके ३१ या मोडवर (अक्षरं सुरांतून पाठवायच्या एका पद्धतीवर) गप्पा मारतो, त्यापलीकडे अनुभव नाही. शंका अशा:

फॉर्म पाठवतो तेव्हा नेमकं हवेत काय जातं? अख्खा फॉर्म?
समोरच्याला तो जसाच्या तसा मिळाला हे कशावरून समजायचं?
आणि कुठला मोड वापरायचा?

(वर 'फिकडे' असं पडलंय ते 'एफएलडिजी' वाचावं. मोबाइलवरून लिहितोय, आपोआप बदललं.)

---

बिनतारी

डायपोल, तुमच्या पोस्टमध्ये आत्ता जे झालं तेच तुमच्या मेसेजचं झालं होतं. मधल्या कुणीतरी, इथे मोबाइलने, शब्द बदलला आणि तो बदललाय हे सांगणारी कुठलीच खूण सोबत नव्हती. ती खूण मिळावी म्हणून हे सॉफ्टवेअर वापरायचं.

आधी कामाची वाटणी समजून घ्या. एफएलडिजी हा मोडेम. तो अक्षरांचे सूर करतो आणि सुरांची अक्षरं करतो, अक्षरांत काय लिहिलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. एफएलएमएसजी त्याच्या शेजारी चालतं आणि फॉर्म सांभाळतं. त्यात आयसीएस-२१३ (आपत्तीतल्या कामाचा साधा मेसेज फॉर्म) आहे, रेडिओग्राम (हॅम मंडळींची तार) आहे, आयएआरयू या आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेचा फॉर्म आहे, साधा मजकूर आहे, रकान्यांची यादी पाठवायला सीएसव्ही आहे. आयसीएस फॉर्मांचं मूळ १९७० साली कॅलिफोर्नियात लागलेल्या वणव्यांत आहे. वेगवेगळी पथकं एकाच आगीवर काम करत होती, पण प्रत्येकाची भाषा आणि पद्धत निराळी. त्यातून सगळ्यांसाठी एकच पद्धत आणि एकसारखे फॉर्म ठरत गेले. तुम्ही २१३ भरता तेव्हा 'कुणाला, कुणाकडून, विषय, तारीख, वेळ, मजकूर, मंजुरी कुणाची' हा क्रम त्या गरजेतून आलेला असतो.

हवेत काय जातं? फॉर्म नाही जात. चौकटी, रेघा, शीर्षकं सगळी दोन्ही बाजूंच्या लॅपटॉपवर आधीपासून असतात. जातो तो रकान्यांतला मजकूर. प्रत्येक रकान्याचं एक छोटं नाव, त्यापुढे त्यात किती अक्षरं आहेत तो आकडा, मग मजकूर. या गाठोड्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला खुणा असतात आणि अगदी शेवटी चार अक्षरी चेकसम, म्हणजे सगळ्या मजकुरावरून हिशोबाने काढलेला पडताळा. घेणारा लॅपटॉप आलेल्या मजकुरावरून स्वतः चेकसम काढतो आणि आलेल्या चेकसमशी ताडून पाहतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो जुळत नाही. 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' होऊन मेसेज बिनबोभाट पुढे जाणं इथे थांबतं.

घेणाऱ्याला हे असं दिसतं: एफएलडिजीच्या खिडकीत ओळी सरकत येतात, रकान्यांची आखूड नावं आणि आकडे, वाचायला थोडं विचित्र. शेवटची खूण आली की, सेटिंग केलेलं असेल तर, एफएलएमएसजी आपणहून उघडतं आणि भरलेला २१३ समोर येतो. हाताने काही टिपून घ्यायचं नाही. आलेली मूळ फाइल 'एनबीईएमएस फाइल्स' या फोल्डरमध्ये 'रॅप' आणि त्यात 'ऑटो' इथे पडलेली असते. ती पुसू नका. पुढे कुणी विचारलं तर तोच तुमचा पुरावा.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. गाठोड्याच्या डोक्यावर मेसेज कुणाच्या कॉलसाइनवरून (स्टेशनच्या ओळखनावावरून) निघाला आणि कुणी कधी बदलला याच्या नोंदी असतात. मधल्या स्टेशनने मेसेज उघडून एक शब्द बदलला आणि पुढे पाठवला तर ते लपत नाही. म्हणून मधल्याने मेसेज सुधारायचा नाही. शुद्धलेखन चुकलेलं दिसलं तरी नाही.

मोडबद्दल. एफएलएमएसजीच्या खिडकीत खाली मोड निवडला की मेसेज किती बाइटचा आहे आणि जायला किती सेकंद लागतील ते दिसतं. पाठवण्याआधी ते बघायची सवय लावा. व्हीएचएफ एफएमवर एमटी६३-२००० लाँग हा मोड घ्या. सेकंदाला २० अक्षरं जातात, म्हणजे ७०० बाइटचा मेसेज ३५ सेकंदांच्या थोडा वर. एचएफवर (लांब पल्ल्याच्या लहरींवर) सिग्नल कमकुवत असेल तर ऑलिव्हिया ८/५०० हा मोड. गोंगाटातून अक्षरं ओढून काढण्यात तो पटाईत आहे, पण सेकंदाला तीनही अक्षरं पुरती जात नाहीत. तोच ७०० बाइटचा मेसेज चार मिनिटं खातो. पीएसके ३१ गप्पांना छान, फॉर्मला नको. त्यात चुका दुरुस्त करायची सोय नाही, आणि इथे एक चूक म्हणजे चेकसम गेला.

आरएसआयडी (मोड कोणता ते सांगणारी सुरांची खूण) दोन्ही बाजूंना चालू ठेवा. पाठवणाऱ्याने मोड बदलला तर घेणाऱ्याचा एफएलडिजी आपोआप त्या मोडवर जातो.

---

कागद_पेन्सिल

डायपोल, सॉफ्टवेअर जरूर शिका, पण ब्लँकेटची चूक तोंडी पद्धतीतही पकडता आली असती, ते आधी सांगतो. आकडा कधी 'फिफ्टीन' म्हणून द्यायचा नाही. 'फिगर्स, वन फाइव्ह' असं एकेक अंक सुटा करून द्यायचा. आणि घेणारा लिहितोय त्या वेगाने बोलायचं, आपल्या जिभेच्या वेगाने नाही.

रेडिओग्राममध्ये याहून जुनी युक्ती आहे, चेक. मजकुरातले शब्द मोजून तो आकडा मेसेजच्या डोक्यावर लिहितात. उदाहरणार्थ मजकूर असा: 'एआरएल वन एक्स फोन्स डाउन एक्स विल राइट संडे'. यात 'एआरएल वन' हा ठरावीक मजकुराचा क्रमांक आहे, त्याचा अर्थ 'इथे सगळे सुखरूप आहेत, काळजी नको'. 'एक्स' म्हणजे पूर्णविराम, आणि तोही एक शब्द धरायचा. मोजून बघा, नऊ. म्हणून चेक 'एआरएल ९'. घेणाऱ्याच्या कागदावर आठ भरले तर तो पोच देत नाही, आधी विचारतो. बहुतेक वेळा हरवलेला असतो तो एक्सच. अमेरिकेत एआरआरएलची (अमेरिकन रेडिओ रिले लीग या हॅम संस्थेची) नॅशनल ट्रॅफिक सिस्टीम १९४९ पासून या शिस्तीवर चालत आली आहे. आणि ही संस्था १९१४ साली निघाली तेव्हा तिच्या नावातच 'रिले' होतं, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे मेसेज पोचवणं.

एफएलएमएसजी रेडिओग्रामचा चेक स्वतः मोजतं, एआरएलच्या ठरावीक मजकुरांची यादीही त्यात आहे. पण शब्द मोजायला आधी हाताने शिका. शेवटच्या टप्प्यावर ज्याच्याकडे फक्त हँडहेल्ड (हातातला छोटा रेडिओ) आहे त्याला तुम्हाला तो मेसेज तोंडीच द्यायचा असतो.

---

रात्रपाळी

विनलिंकची बाजू मी मांडतो, रोज वापरतो म्हणून.

एफएलएमएसजी म्हणजे जाहीर घोषणा. एक बोलतो, नेटवरचे (रेडिओवर एकाच वाहिनीवर जमलेले) सगळे एकदम घेतात. विनलिंक म्हणजे दोघांमधला पत्रव्यवहार. दोन स्टेशनं जोडली जातात, आणि तुकडा चुकला तर घेणारं स्टेशन तो परत मागतं, बरोबर येईपर्यंत. चेकसम जुळला नाही म्हणून अख्खा मेसेज पुन्हा पाठवायची वेळ येत नाही. गेटवेपर्यंत (इंटरनेटला जोडलेल्या स्टेशनापर्यंत) रेडिओने गेला की पुढे साध्या ईमेलवरही पोचतो. गेटवे नसेल तर दोन स्टेशनं थेट एकमेकांना पाठवू शकतात.

फॉर्म विनलिंक एक्सप्रेसमध्ये तयार असतात, ब्राउझरमध्ये उघडतात, भरले की मेसेज बनतो. इथेही फॉर्मचं चित्र जात नाही. साध्या अक्षरांतला मजकूर जातो आणि सोबत रकान्यांची छोटी एक्सएमएल फाइल. त्यामुळे ज्याच्याकडे विनलिंक नाही, नुसतं ईमेल आहे, तोही मजकूर वाचू शकतो. मेसेज पाठवण्याआधी दाबून लहान केला जातो. लिनक्सवाल्यांसाठी पॅट नावाचा प्रोग्राम आहे, त्यातही फॉर्म चालतात.

सोबत फाइल जोडायची मर्यादा १२० केबी आहे, पण एचएफवर त्याच्या जवळपासही जाऊ नका. फोटो जोडून वाहिनी अर्धा तास अडवून धरलेली मी पाहिली आहे, आणि मागे तीन स्टेशनं औषधांच्या यादीसाठी थांबलेली.

तुम्ही सहा जण एकाच रिपीटरवर (आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या स्टेशनवर) असाल आणि तोच मेसेज सगळ्यांना हवा असेल तर एफएलएमएसजीच घ्या. दूरच्या एकाच ठिकाणी खात्रीने पोचवायचा असेल तर विनलिंक. मी दोन्ही ठेवतो.

---

डायपोल_वीस_मीटर

बिनतारी, कागदकाका, रात्रपाळी, तिघांचे मनापासून आभार. इतकं तपशीलवार कुणी सांगत नाही.

काल तिघांनी मिळून करून पाहिलं. २१३ पहिल्या फटक्यात गेला. मग हुरूप आला आणि मी स्वतः एक फॉर्म बनवला, निवाऱ्यातल्या माणसांची मोजदाद: किती मोठी, किती लहान मुलं, किती आजारी, पाणी किती दिवसांचं. एचटीएमएल येतं थोडं, त्यामुळे तासाभरात झाला. माझ्याकडे सुंदर दिसतो. एकाला पाठवला तर त्याच्याकडे बरोबर उघडला, कारण त्याला मी फाइल पेनड्राइव्हवर दिली होती. दुसऱ्याकडे मात्र नुसती रकान्यांची नावं आणि आकडे, फॉर्म नाहीच. चेकसम तर जुळला होता! मग बिघडलं कुठे?

---

बिनतारी

काही बिघडलेलं नाही. फॉर्म घरीच असतो म्हणालो ना, तुमच्या स्वतःच्या फॉर्मला तर ते दुप्पट लागू. हवेतून रकान्यांतला मजकूर आणि त्या एचटीएमएल फाइलचं नाव, एवढंच जातं. घेणाऱ्याच्या 'एनबीईएमएस फाइल्स' मधल्या 'कस्टम' फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल असेल तर मजकूर तिच्यात ओतला जातो. नसेल तर तुमच्या मित्राला जे दिसलं तेच दिसतं. मजकूर पूर्ण आणि बरोबर आहे, फक्त चौकट नाही. घाईत तेवढ्यावरही काम भागतं, म्हणून रकान्यांची नावं वाचून कळतील अशी ठेवा. 'र१, र२, र३' असली नावं देऊ नका.

यापेक्षा वाईट प्रकार असा: फाइलचं नाव तेच, पण आतले रकाने बदललेले. तुम्ही महिन्याभराने 'आजारी' या रकान्याचे 'आजारी' आणि 'जखमी' असे दोन केले, फाइलला नाव तेच ठेवलं, आणि चौघांना नवी फाइल दिली, दोघांना द्यायची राहिली. त्या दोघांच्या पडद्यावर फॉर्म व्यवस्थित उघडेल, पण जखमींचा आकडा त्यात कुठेच दिसणार नाही. चेकसम जुळलेला, फॉर्म भरलेला, कुणाला शंकाही यायची नाही. आमच्या गटात हे झालं आहे. दोन दिवसांनी लॉग ताडताना कळलं. तेव्हापासून फॉर्ममध्ये काडीचाही बदल केला तरी फाइलच्या नावात आकडा वाढवतो, 'निवारा-२', 'निवारा-३'. मग जुनी फाइल असलेल्याकडे फॉर्म उघडतच नाही आणि तो लगेच ओरडतो. त्याने ओरडलेलं बरं.

शक्यतो मात्र तयार फॉर्मच वापरा. दुसऱ्या गटाचं स्टेशन मदतीला आलं तर त्याच्याकडे २१३ असणार, तुमचा 'निवारा-३' नसणार. मोजदादीला सीएसव्हीचा फॉर्मही चालतो, तो सगळ्यांकडे असतो.

---

स्क्वेल्च

रिपीटरवरून पाठवणाऱ्यांसाठी एक सूचना, टायमर बघा. आमच्या रिपीटरचा टायमर दोन मिनिटांचा. एमटी६३-१००० वर १५०० बाइटचा मेसेज लावला, अडीच मिनिटं लागणार होती. दोन मिनिटं झाली आणि रिपीटर बंद पडला, शेवटची खूण आणि चेकसम गेलेच नाहीत. तेवढा मेसेज सगळ्यांच्या पडद्यावर आला पण एफएलएमएसजी कुणाकडेच उघडलं नाही. २००० लाँगवर तोच ७५ सेकंदांत गेला.

मोठी यादी असेल तर एफएलअँप बघा. तेही याच कुटुंबातलं. ते फाइलचे तुकडे करून पाठवतं आणि घेणारा सांगतो 'मला चार आणि नऊ नंबरचे तुकडे मिळाले नाहीत'. मग तेवढेच पुन्हा पाठवायचे. एकाच वेळी अनेकांना, तरीही चुकलेलं भरून काढता येतं, म्हणजे रात्रपाळी म्हणतात ती दोन टोकं थोडी जवळ येतात.

हँडहेल्डने एमटी६३ पाठवत असाल तर पॉवर कमी ठेवा. बोलण्यात श्वास घ्यायला थांबतो, इथे सगळा वेळ पूर्ण सूर चालू. सेट हाताला चटका बसेल इतका तापतो.

---

नवी_परवानाधारक

मधे विचारते, क्षमस्व. दोन प्रश्न. मेसेज दाबून, बाइटांत करून पाठवणं म्हणजे गुप्त भाषेत पाठवणं होत नाही का? परीक्षेला शिकवलं होतं की हॅम रेडिओवर सांकेतिक काही चालत नाही. आणि फॉर्ममध्ये मराठीत लिहिलं तर?

---

कागद_पेन्सिल

क्षमा कसली, ताई, हा प्रश्न विचारायलाच हवा. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५व्या कलमात असं आहे की हॅम स्टेशनांनी अर्थ लपवण्याच्या हेतूने संदेश सांकेतिक करायचा नाही. हेतू महत्त्वाचा. एमटी६३, ऑलिव्हिया, एफएलएमएसजीची मांडणी, सगळं जाहीर आहे, कुणीही सॉफ्टवेअर घेऊन वाचू शकतो. म्हणून ते चालतं. त्याच कलमात दुसऱ्याच्या वतीने मेसेज नेण्याबद्दलही नियम आहेत, आणि त्यात आपल्या देशाचं प्रशासन काय ठरवतं ते लागू पडतं. सरावाआधी ते वाचून घ्या.

याची दुसरी बाजू मात्र ध्यानात ठेवा. कुणीही वाचू शकतो म्हणजे खरंच कुणीही. फॉर्ममध्ये 'आजार' असा रकाना आहे म्हणून रुग्णाचं नाव आणि आजार एका ओळीत भरून पाठवू नका. नावाऐवजी निवाऱ्याने दिलेला क्रमांक घाला. फॉर्म समोर दिसला की माणसाला सगळे रकाने भरावेसे वाटतात.

---

बिनतारी

मराठीबद्दल मी सांगतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, अनुस्वार धरून, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं. 'पाणी संपले' हे २८ बाइट झाले. रोमन अक्षरांत तेच बारा-तेरा बाइटांत बसतं. शिवाय एमटी६३ चं मूळ अक्षर ७ बिटांचं आहे, देवनागरीला ८ बिट लागतात. एफएलडिजीत त्यासाठी पर्याय आहे, पण तो दोन्ही बाजूंना चालू हवा. एकाने विसरला की खिडकीत कचरा आणि चेकसम फेल.

माझ्या मातृभाषेत मेसेज जावा असं मलाही वाटतं, आणि घरातल्या घरात दोन लॅपटॉप शेजारी ठेवून मी ते करून पाहिलं आहे, जातं. पण आणीबाणीच्या नेटवर मी साध्या रोमन अक्षरांतच मराठी लिहितो. याच कारणाने वर्ड प्रोसेसरमधून मजकूर उचलून फॉर्ममध्ये चिकटवू नका. तिथली वळणदार अवतरणचिन्हंही त्या ७ बिटांत बसत नाहीत, आणि ती डोळ्यांना दिसतही नाहीत पटकन.

---

डायपोल_वीस_मीटर

रविवारचा सराव झाला, हकीकत लिहितो.

मुद्दाम तोच ब्लँकेटचा मेसेज २१३ वर घेतला. खाली ५८० बाइट, २९ सेकंद दाखवत होतं. पहिल्या वेळी पाचपैकी एकाकडेही चेकसम जुळला नाही. माझं डोकं सुन्न झालं. पाचहीजणांकडे एकाच जागी अक्षरं तुटलेली, मधोमध. म्हणजे दोष माझ्या टोकाला. लॅपटॉपवर दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामची सूचना वाजली होती आणि ती 'टिंग' रेडिओतून हवेत गेली होती. शिवाय आवाजाची पट्टी मी बरीच वर ठेवली होती. सूचना बंद केल्या, पट्टी खाली आणली, पुन्हा पाठवला. पाचहीजणांकडे २१३ उघडला आणि 'वन फाइव्ह, चेकसम ओके' असं एकेकाने सांगितलं.

एकाकडे केबलच नव्हती. त्याने लॅपटॉपचा माइक हँडहेल्डच्या स्पीकरसमोर धरून घेतला. खोलीत पंखा चालू होता, मागे कुणीतरी बोलत होतं, तरी जुळला! हे पाहून गटातले जे दोघे 'कशाला हवा लॅपटॉप' म्हणत होते तेही सरसावले.

मग कागदकाकांच्या सांगण्यावरून शेवटचा टप्पा तोंडी केला. पाचव्याने पडद्यावरचा मेसेज सहाव्याला वाचून दिला. आधी शब्दसंख्या, मग मजकूर, आकडे सुटे सुटे. त्याने लिहिलेल्या कागदाचा फोटो मागवून मी मूळ फॉर्मशी ताडला. एक 'एक्स' राहिला होता, आणि चेक कमी भरल्यामुळे तो त्याने पोच देण्याआधीच विचारून घेतला होता. त्या कागदावर १५ आकडा स्वच्छ आहे.

---

रात्रपाळी

छान! रेडिओसाठी स्वतंत्र यूएसबी साउंडकार्ड लावा, म्हणजे लॅपटॉपच्या सूचना त्या वाटेला जातच नाहीत. सूचना बंद करायला एक दिवस कुणीतरी विसरणारच.

आणि सहाही लॅपटॉपची घड्याळं एकाच वेळेला लावा. स्थानिक वेळ की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ते आधी ठरवा, एफएलएमएसजीच्या सेटिंगमध्ये निवडता येतं. पुढच्या वेळी लॉग ताडायला बसाल तेव्हा अर्धा तास वाचेल.

---

डायपोल_वीस_मीटर

घड्याळांचं खरंच राहिलं होतं. आत्ता जुने मेसेज उघडून पाहिले तर दोघांची वेळ यूटीसी आणि चौघांची स्थानिक. सगळ्यांना यूटीसीवर आणतो. पुढच्या सरावाला 'निवारा-१' सहाही 'कस्टम' फोल्डरांत टाकून घेतो, एफएलअँपवर मोठी यादी लावून पाहतो, आणि काय होतं ते इथेच लिहितो. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).